दिव्यावरची झापड

हवालदाराच्या डाव्या हातात काळ्या रंगाचा डबा होता आणि उजव्या हातात दाढीच्या ब्रशापेक्षा थोडा मोठा ब्रश. लढाई सुरू होऊन चौथा दिवस होता. दाणाबाजाराच्या तोंडाशी मोटारी आणि स्कूटरी एका रांगेत थांबवल्या होत्या आणि तो प्रत्येक दिव्याचा वरचा अर्धा भाग काळा करत पुढे सरकत होता, ओट्याला गेरू लावावा तितक्या सवयीनं. पारसमलची फटफटी रांगेत सातवी होती. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती, सूर्यास्त पाच शेहेचाळीसला होता, घर नऊ मिनिटांवर होतं. घाईचं कारण नव्हतं. हवालदार त्याच्यापाशी आला, वाकला, ब्रश उचलला आणि तसाच थांबला. मग कंबर सरळ करत म्हणाला, "शेठ, तुमचं आधीच झालंय. जा तुम्ही."

मागचा स्कूटरवाला हसला. पारसमलही हसला, कारण चारचौघांत हसण्यासारखंच ते वाक्य होतं. त्यानं किक मारली, रबरी भोंगा दाबला आणि निघाला. पण ते वाक्य मागच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर घरापर्यंत आलं. रोज तो फटफटी ओसरीशी लावून सरळ हात-पाय धुवायला जायचा. आज तो तिच्या समोर उकिडवा बसला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दिव्यावर पत्र्याची काळी टोपी घट्ट बसवलेली होती. तिला तीन आडव्या फटी होत्या आणि प्रत्येक फटीवर पापणीसारखी पत्र्याची पट्टी पुढे आलेली होती. हत्तीला सोंड असते तशी या फटफटीला ही टोपी असते, असंच तो आजवर धरून चालला होता. आता कळलं, ती झापड होती. मागच्या महायुद्धात वरून जाणाऱ्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून कुठल्यातरी शिपायानं ती कुठल्यातरी छावणीत लावली असणार. ती लढाई संपली, शिपाई घरी गेला, फटफटी देवळालीच्या लिलावात निघाली आणि त्या लढाईचा काळोख पारसमलनं बावीस वर्षं जळगावच्या गल्ल्यांतून भर उन्हात फिरवला.

त्याची बायको राजकुंवर दारात आली. "जेवायला वाढलंय. काय शोधताय?"

"काही नाही. हिचा दिवा बघत होतो."

"हिला दिवा आहे?" तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात थट्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

जेवताना त्याच्या मनात येत राहिलं की दिवा लागतो की नाही, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. गरजच पडली नव्हती. अकराव्या वर्षी जैन स्थानकात महाराजसाहेबांसमोर हात जोडून त्यानं चौविहाराचा नेम घेतला होता. सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही. तेव्हापासून त्याचा दिवस सूर्याबरोबर मिटत आला. दुकानात गल्ल्याच्या वर स्थानकाकडून मिळणारा सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता टांगलेला असे, पण तो गिऱ्हाइकांसाठी. पारसमलला वर्षाचे सगळे दिवस मिनिटानिशी पाठ होते. शेजारचे दुकानदार त्याच्या दुकानाच्या फळ्या लागल्या की आपली घड्याळं लावून घेत. दुकान भांड्यांचं होतं. पितळेची, तांब्याची आणि अलीकडे स्टीलचीही भांडी लग्नसराईत जात, आणि त्यांवर नावं घालायचं काम तो स्वतः करी. छोटी हातोडी, छिन्नी, ठिपक्याला ठिपका. चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहानिमित्त, सप्रेम भेट, दिनांक. अक्षर असं की लोक सावदा-रावेरहून भांडी घेऊन येत. आणि फटफटीच्या बॅटरीच्या डब्यात बॅटरी नव्हतीच. ती पहिल्याच वर्षी मेली होती. त्या डब्यात फडक्यात गुंडाळलेल्या छिन्न्या असत.

आधीच झालंय. पाणी पिताना त्याला वाटलं, हवालदार दिव्याबद्दल बोलला, एवढंच. मग त्याला पितांबर आठवला.

पितांबर फैजपूरचा. शाळेच्या बोर्डिंगात दोघे शेजारी झोपत. पितांबर केळीच्या बागेबद्दल बोलत राही आणि पारसमल ऐकता ऐकता झोपी जाई. देवळालीच्या लिलावाला दोघेच गेले होते. पारसमलनं फटफटी घेतली आणि पितांबर मागे बसून, लोखंडाच्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ, दोन दिवसांत जळगावपर्यंत आला. त्या वेळी वाटेत मालेगावला मुक्काम केला, तोही पारसमलच्या नेमापायी, साडेपाचलाच. पितांबरच्या थोरल्या बेबीचं लग्न चार वर्षांपूर्वी झालं तेव्हा मुहूर्त गोरजाचा होता. गुरं परतायची वेळ. पारसमल सकाळीच भांडी घेऊन गेला, दिवसभर मांडवात राबला आणि साडेचारला निघाला. त्याला परत जळगाव गाठायचं होतं, उजेड होता तोवर. फटफटीला किक मारताना त्यानं मागे पाहिलं तेव्हा पितांबर हातात अक्षतांचं ताट घेऊन उभा होता. पुढे एकदा बाजारात कुणालातरी त्याची ओळख करून देताना तो म्हणाला, "हा पारस. मह्या अर्ध्या दिवसाचा दोस्त." सगळे हसले होते. पारसमलही हसला होता. आजच्यासारखाच.

पौषात पितांबर आणि कुंदाबाई दुकानात आले. धाकट्या लताचं ठरलं होतं. कुंदाबाईनं भांडी निवडली. पितांबर गादीवर बसून तक्त्याकडे बघत राहिला. मुहूर्त पुन्हा गोरजाचा होता, वरपक्षानं काढलेला. हे सांगताना पितांबरच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुले कायले धावपय," तो म्हणाला. "सकायी भांडे घेऊन ये, पोरीले आशीर्वाद दे, जेव, आन उजेडी निंघ."

"या वेळी मी थांबणार आहे," पारसमल म्हणाला.

"बेबीच्या वक्ती बी थांबनार व्हता."

"अहो, कायले टोचता त्याहिले," कुंदाबाई म्हणाली. "नेमाचा मानूस हाय तो."

"मी कुठी टोचतो? मी तं त्याले मोकया करून राह्यलो."

ते गेल्यावर पारसमल कितीतरी वेळ एका तांब्यावर हात ठेवून बसून राहिला. माणूस रागावला असता तर समजूत घालता आली असती. पितांबरनं त्याला सोडून दिलं होतं. आडव्या पडलेल्या केळीला शेतकरी टेका लावायचं सोडून देतो, तसं. लताच्या लग्नानंतर पितांबरकडे तिसरी मुलगी नव्हती. यापुढे थांबायचं म्हटलं तरी थांबायला काही उरणार नव्हतं. जिभेला ते चवीसारखं जाणवलं, तांब्याला आंबट लागल्यावर येते तशी चव.

दुसऱ्या दिवशी तो फटफटी घेऊन बन्सीलालकडे गेला. बन्सीलाल मेकॅनिक बसस्टँडामागे बसायचा आणि प्रत्येक गाडीशी तिच्या मालकापेक्षा जास्त बोलायचा. त्यानं झापडीचे चार स्क्रू रॉकेल घालून घालून सोडवले. टोपी निघाली तेव्हा आतली काच पांढरी झालेली होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. मागच्या वाटीला गंज चढून भोकं पडली होती आणि तारेच्या जागी काळी भुकटी होती.

"शेठ, हा दिवा गेलाय म्हणता येत नाही," बन्सीलाल म्हणाला. "गेलाय म्हणायला आधी आलेला लागतो. नवाच बसवू. आजकालचे दिवे बघा, काचेलाच रेघा असतात. उजेड रस्त्यावर सांडत नाही, जिथं पाहिजे तिथं वाढल्यासारखा पडतो."

त्यानं धुळ्याहून, आग्रा रोडवरच्या एका दुकानातून, ट्रकवाल्याच्या हाती दिवा मागवला. मोठा, गोल, काच आणि आरसा एकत्र सीलबंद. डायनॅमो उघडून साफ केला, नवी बॅटरी बसवली, तारा ओढल्या आणि बटण दाबलं. दिव्यात विझत आलेल्या विडीएवढा लाल ठिपका उमटला. दोघं त्याकडे बघत राहिले. बन्सीलालनं दिवा उलटा करून मागचे आकडे वाचले आणि स्वतःच्या कपाळाला हात लावला. दिवा मोटारीचा होता, बारा व्होल्टचा, फटफटी सहाची. "हा बारा भाकरी खाणारा पाहुणा आहे, शेठ, आणि आपण ताटात सहाच वाढतोय. कसा हसेल तो?"

मग पारसमल स्वतः एस.टी.नं धुळ्याला गेला. सकाळी निघून उजेडी परतायचं, म्हणजे दुकानात फार तर दीड तास. तो धुळ्याला वर्षातून चार वेळा जात असे, भांड्यांसाठी. पण या खेपेला आग्रा रोडवर रांगेनं उभे असलेले ट्रक त्याला निराळे दिसले. प्रत्येकाला दोन डोळे होते. ही माणसं सूर्य मावळल्यावर निघतात आणि सकाळी इंदूरला नाहीतर नाशिकला असतात. त्यांच्या दृष्टीनं रात्र हा रस्त्याचाच एक भाग. इतकी साधी गोष्ट पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला नव्यानं सुचावी याचं त्याला हसू आलं आणि खिडकीशी बसलेल्या बाईनं कापसाचं गाठोडं थोडं स्वतःकडे ओढून घेतलं. दुकानदारानं नव्या मोटारसायकलींना येतो तो दिवा काढून दिला, सहा व्होल्टचा, कडेला चकचकीत गोल, रेघांची काच. तो मांडीवर घेऊन पारसमल जळगावला आला, बाळंतिणीच्या घरून बाळ आणावं तसा, दर खड्ड्याला हात खाली धरत.

दिवा सात इंचांचा निघाला आणि फटफटीची वाटी आठ इंचांची. चारी बाजूंनी अर्धा इंच फट. बन्सीलाल पत्रा ठोकून कडं करू म्हणाला. पारसमल म्हणाला, "थांब. माप दे." माप घ्यायचीही तशी गरज नव्हती. आठ इंच म्हणजे सहा नंबरच्या पितळी डब्याचं झाकण. दुकानात मागच्या फळीवर असं एक झाकण दोन वर्षं पडून होतं. डबा वाटेत चेपला म्हणून जोडी फुटली होती. डब्याच्या पोटावर नावं घालायची राहिलीच, पण झाकणाच्या कडेवर त्यानं 'सप्रेम भेट' एवढी अक्षरं घातली होती. दुकान बंद करायला पन्नास मिनिटं होती. तो छिन्नी घेऊन बसला आणि झाकणातून सात इंचांचं वर्तुळ उतरवलं, कानस फिरवली, चिंचेनं घासलं. हाताला जे इतकी वर्षं येत होतं ते असल्या कामाला उपयोगी पडावं, या गमतीनं त्याच्या अंगात काहीतरी नाचायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कडं बसलं. नव्या दिव्याचा रुपेरी गोल, त्याभोवती पिवळं धमक पितळ आणि जुन्या काळ्या वाटीचा काठ. बन्सीलालनं अक्षरं मुद्दाम वर आणली. "फटफटीला कुंकू लावलं शेठ तुम्ही," तो म्हणाला. बटण दाबल्यावर समोरच्या भिंतीवर भर दुपारीसुद्धा पांढरा पट्टा पडला. झापड पारसमलनं फडक्यात गुंडाळून घरी आणली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता एकच राहिलं होतं, आणि तेच त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आई. सायरबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. त्या दिवसातला बराच वेळ सामायिकाचं ध्यान आणि माळ यांत घालवत आणि त्यांच्या नजरेतून नेमातली केसाएवढी फट सुटत नसे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जेवणं झाली, सूर्य गेला, आणि पारसमल त्यांच्यापाशी जमिनीवर बसला. ही गोष्ट सांगण्यासाठी त्यानं मनात तीन-चार वाक्यं घडवली होती. तोंडातून भलतंच आलं. "बाई, उद्या मला उशीर होईल. अंधार पडेल. जेवण मी उजेडीच करून घेईन, पाणीसुद्धा नाही. पण लग्न लागेपर्यंत थांबेन म्हणतो. चालेल?"

सायरबाईंनी माळ थांबवली. "थने मना कुण कियो?"

कोणी मना केलं होतं? तो आठवू लागला. महाराजसाहेबांचा चेहरा, स्थानकाची थंड फरशी, जोडलेले हात. अन्न आणि पाणी, एवढेच शब्द.

"नेम मूंडा रो है, बेटा," सायरबाई म्हणाल्या. "पगां रो कोनी." नेम तोंडाचा आहे, पायांचा नाही. मग त्यांनी सांगितलं की त्याचे वडील आठवड्यातून दोनदा रात्रीच्या गाडीचा माल उतरवायला स्टेशनावर जात, आणि त्यांचा नेम काही मोडला नाही. "मला वाटायचं, तुला घरी यायला आवडतं," त्या पुढे म्हणाल्या, "म्हणून मी कधी बोलले नाही. पण दिव्यावर जीव येतात, तेवढं बघ."

तो राजकुंवरकडे वळला, तर ती तोंडाला पदर लावून हसत होती. पस्तीस वर्षं. अकराव्या वर्षी दिलेल्या शब्दावर त्यानं आपल्या हातानं एक मजला चढवला होता आणि त्यातच राहत आला होता. याचं दुःख व्हायला हवं, असं त्याला वाटलं. पण मन दुःखाच्या बाजूला जाईना. घरात आणखी एक खोली होती आणि तिचं दार नुसतंच ओढलेलं होतं, असं कळावं, तसं काहीतरी ते होतं. "तूही चल," तो राजकुंवरला म्हणाला.

फैजपूरला मांडवात पितांबरनं फटफटी पाहिली, तिच्या भोवती एक फेरी मारली, वाकून कड्यावरची अक्षरं वाचली. "सप्रेम भेट," तो म्हणाला. "कोनाकून?"

"नाव घालायचं राहिलंय."

पितांबरनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि वऱ्हाडाकडे निघून गेला. पावणेपाचला कुंदाबाई पारसमलला शोधत आली. मांडवात अजून पंगतीचा पत्ता नव्हता, आचारी वांगी निवडत होते. पण घरामागे एक वेगळी चूल पेटली होती, केळीच्या पानावर वरण, पोळी आणि गिलक्यांची भाजी वाढलेली होती आणि शेजारी तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी. "कांदा नाही, लसून नाही," कुंदाबाई म्हणाली. "बेबीच्या वक्ती बी केलं व्हतं, भाऊ. तुम्ही निंघून गेलते." पारसमलचा हात पानावरच थांबला. मग राजकुंवरनं त्याला कोपरानं ढोसलं आणि तो जेवू लागला. ओट्यावरून एक म्हातारा ओरडला, "वरमायच्या आधी शेठ जेवून राह्यला, भो." पारसमलनं मान हलवून ते कबूल केलं. ते वरण त्याला फार गोड लागलं.

मग तो मांडवात जाऊन बसला आणि नेहमी ज्या क्षणी तो उठायचा तो क्षण आला. साडेपाच. पायांना सवय होती. मांडीतला एक स्नायू आपोआप ताठ झाला, हात किल्लीकडे गेला. त्यानं हात मांडीखाली घेतला. बागांकडून गुरं येऊ लागली, धुळीला आधी सोन्याचा आणि मग विटेचा रंग आला, केळीची पानं कडेनं काळी आणि मध्ये हिरवी दिसायला लागली. ही वेळ त्यानं नेहमी घाईत पाहिली होती, वाहनावरून, मागे पडणारी. ती इतकी लांब असते हे त्याला माहीत नव्हतं. ती संपतच नव्हती. एका रंगातून दुसऱ्यात जात होती, आणि त्यात माणसांचे आवाज खाली उतरत होते, जसे वारा पडल्यावर झाडांचे उतरतात. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता वाटत वाटत पितांबर रांगेतून आला, त्याच्यापर्यंत पोचला, मूठ पुढे केली आणि मग वर पाहिलं.

"अंधार पडला ना, पारस," तो म्हणाला.

"पडू दे."

पितांबरनं त्याच्या ओंजळीत अक्षता घातल्या. एक मूठ घातली, मग दुसरी घातली, मग ताटच त्याच्या हातात दिलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाला, "तूच वाट मंग बाकीच्याहिले." पारसमल अक्षता वाटत फिरला. अंतरपाट दूर झाला तेव्हा ताटात चार दाणे उरले होते. ते त्यानं लताच्या दिशेनं उडवले आणि ते समोरच्या एका गृहस्थाच्या टोपीवर पडले.

परत निघाले तेव्हा साडेसात झाले होते. राजकुंवर मागे बसली. त्यानं बटण दाबलं आणि रस्ता जागा झाला. दोन्ही बाजूंनी केळीची पानं उजेडात येत आणि मागे सरत. एक कोल्हा रस्त्याच्या मध्ये थांबला, त्याचे डोळे हिरवे चमकले आणि तो सावकाश बाजूला झाला. पारसमल पळवत नव्हता. आईचं वाक्य त्याच्या ध्यानात होतं. माघातली थंडी होती, उजेडात किडे जवळजवळ नव्हतेच. एक पतंग आला, काचेशी येऊन फिरला, तेव्हा त्यानं फटफटी थांबवून दिवा बंद केला आणि तो जाईपर्यंत वाट पाहिली. त्या अंधारात त्याला उत्तर मिळालं, इतकं सोपं की तो मोठ्यानं हसला. चातुर्मासात, जेव्हा जिवांचा सुकाळ असतो, तेव्हा झापड परत लावायची. आषाढीला चढवायची, कार्तिकीला उतरवायची. म्हणूनच ती घरी आणली होती.

"मला इतकी वर्षं वाटायचं," राजकुंवर मागून म्हणाली, "रात्री रस्ते बंद होतात."

"मलाही," पारसमल म्हणाला आणि बटण दाबलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी तो ओसरीवर फटफटीसमोर उकिडवा बसला. छिन्न्यांचं फडकं आता बॅटरीच्या डब्यात मावत नव्हतं. ते त्यानं मांडीवर पसरलं. 'सप्रेम भेट'च्या पुढे, कड्याच्या वळणाबरोबर वळत, ठिपक्याला ठिपका, त्यानं घातलं: 'पितांबरकडून'. गाव घातलं. तारीख घातली. थोडी जागा उरली होती, आणि हाताच्या ओढीनं तिथं वेळ घालावी म्हणून त्यानं छिन्नी टेकवली. तक्त्यात सहा तेवीस होतं. पण तो तक्ता जळगावचा. फैजपुरात काल सूर्य केव्हा मावळला ते त्याला आठवेना. त्यानं तिकडे पाहिलंच नव्हतं. छिन्नी उचलून त्यानं फडक्यात ठेवली आणि ती जागा तशीच राहू दिली.